सातव्या नळीचा उपयोग

१२ जुलै १९८२, सोमवार

मुंबईहून पेटंट एजंटांचं पत्र आलं. "प्रिय डॉ. गांगुर्डे, आपण शोधलेलं प्रथिन नवं आहे हे मान्य. परंतु त्याचा उपयोग काय?" शेवटच्या तीन शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ.

लताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी तुम्हाला हेच विचारतेय." ती शिकवते त्या शाळेतल्या बायकांना सांगायला तिला गंमत मिळाली.

मला मात्र राग आला. आठ वर्षं, आधी कॉलेजात आणि मग इथे, मी गाईचा चीक ढवळतोय, गाळतोय, नळ्यांत वेगळा करतोय. चीक प्यालेलं वासरू जगतं हे कुणालाही ठाऊक आहे. त्यातलं नेमकं कोण वाचवतं हे ठाऊक नव्हतं. माझ्या सातव्या नळीत जे उतरतं, ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हलवून जागं करतं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दहा-दहा जंतू गिळताना मी मोजल्या आहेत. आणि हा गृहस्थ विचारतो, उपयोग काय!

संध्याकाळी राग उतरल्यावर पत्र पुन्हा वाचलं. त्याचं म्हणणं चूक नाही. आपल्याकडे औषधावर पेटंट मिळत नाही, ते तयार करण्याच्या पद्धतीवर मिळतं. ती पद्धत नवी हवी आणि उपयोगाचीही हवी. नळीत पेशींनी जंतू गिळले तर त्याने जगात कुणाचं भलं झालं, हे दाखवावं लागेल. कच्चा अर्ज गेल्या महिन्याच्या तीस तारखेला दाखल झालाय. पक्का अर्ज वर्षाच्या आत.

१५ जुलै

कारभारीशेठना पत्र दाखवलं. लासलगावला कांद्याच्या व्यापारात आयुष्य गेलेला माणूस, पाच वर्षांपूर्वी नाशकात सातपूरला जनावरांच्या औषधांचा कारखाना टाकला आणि मला लॅब दिली. ते म्हणाले, "डॉक्टर, मला पेशी-बिशी नाय समजत. हगवण लागलेलं वासरू उभं राहतंय का, एवढं दाखवा." मग म्हणाले, "पुढच्या जूनपोवतर. नाय जमलं तर ती खोली मला पेंडीच्या गोण्यांना लागंल."

म्हणजे मी पाकिटातल्या पावडरीचं वजन तपासत निवृत्त होणार. आमच्या घराण्यात पहिला डॉक्टर, आणि काम तराजूचं.

१९ जुलै

नामपूरजवळच्या वस्तीवर गेलो. आमचा सहादू तिकडचाच. तो राजदूत मोटरसायकलवरून गावोगाव औषधं पोचवतो आणि येताना चिकाच्या बाटल्या आणतो. वासराचं पोट भरून उरेल तेवढाच चीक घ्यायचा, हा माझा नियम.

चिमणाबाई म्हणून एक पन्नाशीची बाई आहे, बारा गाई. वस्तीवरच्या बायका तिचं ऐकतात. मी तिला समजावलं की आजारी वासरांपैकी निम्म्यांना आमचं औषध पाजायचं, निम्म्यांना नुसतं मीठ-साखरेचं पाणी. ती म्हणाली, "ज्यांना पानी, त्यांचा काय गुन्हा?" मी वहीतले रकाने दाखवत राहिलो. शेवटी म्हणाली, "बरं. तुम्ही शिकेल-सवरेल माणूस शेत." तिच्या बोलीत शे म्हणजे आहे, शेत म्हणजे आहात.

चीक काढून ती बाटली घेऊन आधी घरात गेली, मग बाहेर आणून ओट्यावर ठेवली. मी उचलून घेतली. चहा मला काचेच्या ग्लासात आला, सहादूला कपात. मी त्याचा फार विचार केला नाही. चहा चांगला होता, आलं घातलेला.

३ ऑगस्ट

या बायकांच्या स्वच्छतेचं काय करावं! प्रत्येक बाटलीच्या तळाशी काळे कण. काडी, काजळी, काय असेल ते. आज गाळताना तर हरभऱ्याएवढा खडाच निघाला. सबंध सकाळ गाळण्यात गेली. सहादूला झापलं. तो खाली मान घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. एरवी त्याचं तोंड बंद नसतं.

२८ सप्टेंबर

आकडे दोनदा मोजले, मगच लिहायला बसलो.

औषध पाजलेली वीस वासरं, त्यातली सतरा उभी राहिली. पाणी पाजलेली वीस, त्यातली नऊ.

आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. "सतरा जगली का?" म्हणाली. "मग उरलेल्या तिघांचं काय झालं?" आईला आनंद झाला की ती असंच काहीतरी विचारते.

५ ऑक्टोबर

एजंटांचं उत्तर: उत्तम, पण एकदा घडलेलं योगायोग मानतात. मोठ्या प्रमाणावर, कारखान्यात, पुन्हा करून दाखवा. पद्धतीची प्रत्येक पायरी लिहून काढा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही ती वाचून हेच औषध बनवता आलं पाहिजे.

योग्य आहे. मी सुरुवात स्वच्छतेपासून केली. उकळून सीलबंद केलेल्या दोनशे बाटल्या आणि मराठीत छापलेली सूचना: "बाटलीत काडी, काजळी किंवा काळा कण आढळल्यास चीक स्वीकारला जाणार नाही." स्वतः नामपूरला जाऊन बायकांपुढे वाचून दाखवली. चिमणाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग म्हणाली, "काहीच टाकायचं नही का?" मी म्हटलं, टाकायचं म्हणजे? काहीच नाही! ती इतर बायकांकडे बघून हसली. कशाला हसली कोण जाणे. पण गोष्ट त्यांना पटली.

१८ ऑक्टोबर

बाटल्या आरशासारख्या लख्ख येताहेत. गाळायला पाच मिनिटं पुरतात. हे आधी सुचलं असतं तर किती वेळ वाचला असता.

२० नोव्हेंबर

सातवी नळी मुकी झाली आहे. पेशींवर थेंब टाकला की त्या ढिम्म. प्रथिन तेच, तेवढंच, जागच्या जागी. वागणूक मात्र त्याची नाही.

सेंट्रिफ्यूजवर शंका घेतली. बर्फावर घेतली. वीज जाते-येते, तिच्यावर घेतली. आता स्वतःवर घेतोय.

११ डिसेंबर

तरीही वासरांवर दुसरा प्रयोग केला. मनात आशा होती की नळीत नाही तरी पोटात चालेल. औषधवाल्या विसांतली दहा जगली. पाण्यावरच्या विसांतली अकरा.

मेलेल्यांत चिमणाबाईची एक कालवड होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. चिमणाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. रडली नाही. म्हणाली, "सायेब, औषध बदललं का तुम्ही?"

मी म्हटलं, उलट आता ते जास्त स्वच्छ आहे. ती म्हणाली, "मग ठीक शे," आणि आत गेली. परतीच्या एस.टी.त सटाण्यापर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. झोप आली नव्हती. माझ्या औषधावर विसंबून तिने बिचाऱ्या कालवडीला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

२ जानेवारी १९८३

नवं वर्ष. शेठ लॅबमध्ये आले, खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि गेले. माणूस वाईट नाही. गोण्या कुठेतरी ठेवायला हव्यात हेही खरं.

सप्टेंबरचा निकाल हा निव्वळ नशिबाचा खेळ असावा. मी आठ वर्षं एका सावलीमागे धावलो असं आज वाटतंय.

२३ जानेवारी, रविवार

लॅबच्या वह्या दहादा वाचून झाल्या. त्यांत आकड्यांशिवाय काही नाही. म्हणून आज ही डायरी काढून मागची पानं चाळत बसलो. नशीब शेवटचं नेमकं कधी बरं होतं, ते बघायचं होतं.

३ ऑगस्ट: काळे कण. ५ ऑक्टोबर: छापील सूचना. १८ ऑक्टोबर: लख्ख बाटल्या. २० नोव्हेंबर: सातवी नळी मुकी.

मी तीनदा वाचलं. मग लताला हाक मारून वाचायला लावलं. ती म्हणाली, "अहो, हे तर चौथीतलं पोरही सांगेल."

ते काळे कण काय होते? मी ते प्रत्येक वेळी गाळून मोरीत फेकले होते. एकदाही तपासले नाहीत. शास्त्रज्ञ म्हणे!

२६ जानेवारी

सुट्टी होती, सकाळच्या गाडीने नामपूर गाठलं. चिमणाबाईला सरळ विचारलं, पूर्वी बाटलीत काय पडायचं?

ती खाली बघायला लागली. "काय म्हाईत, सायेब. चूल जवळ व्हती. कोळसा उडत असंल."

"प्रत्येक बाटलीत? सगळ्यांच्या घरी?"

"चुली तं सगळ्यांच्याच घरी ऱ्हातीत."

बाईला माझी भीती वाटत असावी. मीच ती सूचना वाचून दाखवताना आवाज चढवला होता. पण कोळसा हा शब्द मिळाला. तिच्या चुलीतले चार विझलेले निखारे कागदात बांधून आणले. देताना तिने मान वर केली नाही.

३१ जानेवारी

चालतं! चालतं! चालतं!

चिकात कोळसा टाकून सहा तास ठेवला, गाळला, मग नेहमीच्या पायऱ्या. सातव्या नळीचा एक थेंब पडताच पेशी जेवणावळीला बसल्यासारख्या तुटून पडल्या. चिकातच दुसरं काहीतरी बारीक, स्निग्ध द्रव्य असणार, जे या प्रथिनाला चिकटून त्याला गप्प बसवतं. कोळसा तेच शोषून घेतो. बाटल्या गावाहून माझ्यापर्यंत यायला सहा-सात तास लागायचे. औषधाची पहिली पायरी राजदूतच्या डिकीत होत होती, आणि मी तिला घाण म्हणत होतो.

१ फेब्रुवारी

आनंदात आईला सगळं सांगितलं. चुलीतून कोळसा कसा उडत असेल ते हातवारे करून दाखवलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "उडत नाय बाबा. टाकत्यात."

"कशाला?"

"चीक घराबाहेर जाताना कोळसा टाकत्यात. नजर लागू नये, गाय आटू नये. आम्ही मळ्यात चीक मागायला जायचो ना, मालकीण वरून ओतायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाय. ओतायच्या आधी चुलीतला कोळसा टाकायची. घरी आणून आम्ही फडक्यातून गाळायचो. फडकं काळं व्हायचं."

"कुणाची नजर लागू नये?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "आमची. अजून कुणाची?"

छप्पन साली धम्मदीक्षेनंतर आईने घरातले देव गिरणा नदीत सोडले, त्यानंतर नजर, दृष्ट, उतारा यांतला एक शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. आज तिने तो अगदी साधेपणाने उच्चारला. मला काचेचा तो ग्लास आठवला. घरात जाऊन आलेली बाटली आठवली. सहादूची खाली गेलेली मान आठवली. त्याला सगळं ठाऊक होतं.

चिमणाबाई माझ्या नजरेपासून गाय वाचवत होती. मला अपमान झाल्यासारखं वाटतंय. झाल्यासारखं नाही, झालाच आहे.

२० फेब्रुवारी

तीन आठवडे मी कोळशाऐवजी दुसरं काहीतरी शोधतोय. मुलतानी माती झाली, दोन प्रकारची परदेशी रेझिनं झाली. थोडाफार परिणाम होतो, कोळशाइतका नाही. लताला सांगितलं होतं की शास्त्रीय तुलनेसाठी करतोय. तिने विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं.

आईने आज विचारलं, "किती दिवस राहिले अर्जाला?"

चार महिने, म्हटलं.

"आन् कोळशाने होतंय ना काम? मग वासरांना काय सांगशील, मला राग आलाय म्हणून थांबा?"

मी चिडून म्हटलं, तुला राग येत नाही का? ती म्हणाली, "माझा राग लय जुना हाय. तो कुठं जात नाय. तू तुझं काम कर."

उद्या कोळसा आणायचा. बाभळीचा, म्हणजे दर वेळी एकसारखा मिळेल.

१२ एप्रिल

तिसरा प्रयोग पूर्ण. औषधावरच्या विसांत अठरा जगली, पाण्यावरच्या विसांत दहा. पाणी पाजलेल्यांपैकी मेलेल्या दहांची नावंही या वेळी लिहून घेतली. चिमणाबाईने सांगितली आणि मी लिहिली. गंगी, तांबू, मोरी. तिचा तो जुलैचा प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. तिला वचन दिलं की औषध तयार झालं की त्याच्या पहिल्या बाटल्या फुकट या वस्तीवर येतील.

तिच्याशी कामापुरतंच बोललो. कोळशाचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

५ मे

मुंबईला एजंटांकडे. ते खूश. म्हणाले, "उपयोग आता सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ. आणि कोळशाची पायरी हीच तुमच्या पद्धतीची जान आहे. सुचली कशी?"

मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे अर्जात लिहू नका. गावात आधीपासून चालतं म्हणालात की परीक्षक विचारेल, मग यात नवं काय? कायदा तुम्हाला कसं सुचलं ते विचारत नाही."

मी म्हटलं, त्या बायका औषध करत नव्हत्या. "ते तुम्ही सिद्ध करत बसा," ते म्हणाले. "एक ओळ गाळली तर कुणाचं काय बिघडतं?"

कल्याणपर्यंत मला ते पटत होतं. गाळायची सवय मला आहेच, ते काळे कण मीच गाळून मोरीत टाकले होते. आणि खरं सांगायचं तर, ज्या कोळशाने माझा अपमान केला त्याचे आभार मीच मानायचे, हे गळ्याखाली उतरत नव्हतं. कसाऱ्याचा घाट चढताना वाटायला लागलं, की मी ओळ गाळली तर मीही भांडं वरूनच धरतोय.

७ मे

शेठना दोन्ही बाजू सांगितल्या. कोळसा का टाकत, कुणासाठी टाकत, तेही सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. त्यांची आईही देवळ्याकडची, तीही टाकत असणार. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, गोणीच्या तोंडाशी मोठा कांदा आन् पोटात बारकी गोलटी, असला धंदा मी तरुणपणी केलाय. गिऱ्हाईक पहिल्यांदा फसतं. दुसऱ्यांदा गोणी उपडी करून बघतं. लिहा खरं. नाय मिळालं पेटंट तर नाय. औषध तर इकता येईल!"

"आणि खोली?"

"खोलीचं काय? गोण्या व्हरांड्यात ठिवू."

२१ जून

पक्का अर्ज दाखल. पान चार, दुसरा परिच्छेद: "नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात चीक घराबाहेर देताना त्यात कोळसा टाकण्याची रीत आहे. नामपूरजवळच्या श्रीमती चिमणाबाई व इतर महिलांनी दिलेल्या अशा नमुन्यांवरून प्रस्तुत पायरी सुचली." एजंटांनी इंग्रजी करताना नाक मुरडलं, पण केलं. रीत कशासाठी, ते लिहिलं नाही. तो रकाना अर्जात नाही.

मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. परीक्षकाचं उत्तर यायला दोन वर्षंही लागतील म्हणे. मला आश्चर्य वाटतंय, पण मन शांत आहे.

३ जुलै, रविवार

दुपारी दारात चिमणाबाई. बरोबर सहादू, त्याच्या हातात झाकणाचा पितळी डबा. नामपूरहून एस.टी.ने सीबीएसच्या स्टँडवर, तिथून सिटी बसने नाशिकरोड, पत्ता विचारत आमच्या कॉलनीत. मी गडबडलो. लताने पाणी दिलं. चिमणाबाईने तांब्या घेतला आणि प्याली.

सहादूने तिला कागदाबद्दल सांगितलं होतं. "माझं नाव सरकारी कागदावर टाकलं म्हने तुम्ही. कोळशापायी." मी हो म्हटलं. ती आईकडे वळली. दोघी साधारण एका वयाच्या वाटत होत्या, आई दहा-बारा वर्षांनी मोठी असून.

"माय, खोटं कशाला बोलू. चूल जवळ नव्हती. मीच टाकत व्हते. तुमच्याच लेकाची नजर लागू नये म्हनून."

आई म्हणाली, "ठाव हाय मला."

"त्यानं कोळसा बंद केला आन् माझी कालवड गेली. त्याच्याच नजरेनं गेली असं म्हनत व्हते मी महिनाभर. सगळ्या वस्तीला सांगत फिरले." तिने पदराने तोंड पुसलं. "तांबडी व्याली काल. पहिला चीक शे. तुमच्यासाठी आनला."

तिने डबा सहादूच्या हातातून घेतला आणि आईच्या हातात दिला. आईने दोन्ही हातांनी धरला. क्षणभर दोघींचे हात डब्यावर होते.

माझ्यातला शास्त्रज्ञ अशा वेळीही गप्प बसत नाही. मी विचारलं, कधी टाकला कोळसा? सहा तास झाले असतील तर लॅबमध्ये नेऊन थोडा तपासून बघतो.

ती म्हणाली, "टाकला नही."

मी म्हटलं, मग हा औषधाच्या कामाचा नाही.

लताने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तिथेच सोडलं.

आई डबा घेऊन आत गेली. खरवसासाठी गूळ किसायला घेण्याआधी तिने दांडीवरचं जुनं फडकं ओढलं, पातेल्यावर बांधलं आणि चीक त्यातून गाळला. गाळायची गरज नव्हती. चिमणाबाईने आताच सांगितलं होतं. पण हात सवयीने चालले होते. गाळून झाल्यावर तिने फडकं सोडलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

मी दारात उभा होतो. मी पाण्याचा तांब्या उगाच उचलला.

फडकं पांढरं होतं. आईने ते धुतलं नाही, तसंच घडी करून खुंटीवर ठेवलं.